दर मिनिटाचा, खर्च कुणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. एक कंपनी म्हणते, "मिनिटाला दोन रुपये." दुसरी म्हणते, "पानाला साडेतीन रुपये." तिसरी म्हणते, "मिनिटाला फक्त दीड रुपया." तुम्हाला दोन पानांचं दरपत्रक चारशे दुकानदारांना फॅक्सने पाठवायचं आहे. तुम्ही कुणाकडे जाल?

शाळेतल्या पुस्तकात शोभेल असं हे गणित आहे. पण मला ते नोकरीत खरोखर सोडवावं लागलं आणि पहिल्यांदा मी ते चुकवलं. फॅक्सचं यंत्र आता आपल्याकडच्या बहुतेक कचेऱ्यांतून गेलं. कुठे असलंच तर कपाटावर धूळ खात पडलेलं असतं. तरीही हे गणित आज पुन्हा मांडतो आहे, कारण यंत्र गेलं तरी दर सांगायची रीत तीच राहिली आहे.

मी कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत, पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका मध्यम कारखान्यात हिशेब आणि खरेदी सांभाळत होतो. आमचे विक्रेते पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पसरलेले. वर्षातून तीन-चार वेळा दरपत्रक बदलायचं आणि त्यातली एक वेळ ठरलेली, अर्थसंकल्पाची. अबकारी कराचे नवे दर मध्यरात्रीपासून लागू व्हायचे आणि सकाळी दुकान उघडलं की विक्रेत्याला नवा भाव हवा असायचा. २९ फेब्रुवारी २००० रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात ८, १६ आणि २४ टक्के असे तीन दर जाऊन १६ टक्क्यांचा एकच दर आला, तेव्हा तर कितीतरी कारखान्यांना सगळे भाव नव्याने काढावे लागले.

आता चारशे ठिकाणी दोन पानं आपल्याच यंत्रावरून पाठवायची म्हटलं, तर नंबर फिरवण्यापासून कागद पोचेपर्यंत प्रत्येकी अडीच मिनिटं धरा. हजार मिनिटं झाली. म्हणजे सोळा तास चाळीस मिनिटं आणि तेही एकही नंबर 'एंगेज' न लागता! इथे फॅक्स ब्रॉडकास्टची सेवा उपयोगी पडते. आपण कागद एकदाच द्यायचा आणि सोबत क्रमांकांची यादी. सेवा देणाऱ्याकडे संगणकाला पुष्कळ टेलिफोन लाइनी जोडलेल्या असतात. चाळीस लाइनी असतील तर प्रत्येक लाइनीच्या वाट्याला दहा फोन येतात आणि काम अर्ध्या तासात उरकतं. आपण विकत घेतो तो हा वेळ. तो विकण्याची प्रत्येकाची पद्धत मात्र वेगळी असते.

यंत्र कशासाठी वेळ घेतं?

हिशेबाआधी यंत्राची थोडी ओळख करून घेऊ, कारण पैसे तिथेच मुरतात. फॅक्स लागला की सुरुवातीला जी किंचाळी ऐकू यायची, ती म्हणजे दोन यंत्रांची बोलणी. तुझा वेग काय, माझा काय, कागद बारीक रेघांनी घ्यायचा की जाड, हे ठरवण्यात पंधरा-वीस सेकंद जातात. हा वेळ एका पानालाही लागतो आणि दहा पानांनाही. टेलिफोनचं मीटर मात्र पलीकडून फोन उचलल्यापासून फिरत असतं.

मग पान जातं. १९८० साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे यंत्र पानाच्या आडव्या रेघा पाडतं आणि प्रत्येक रेघेत १,७२८ ठिपके मोजतं. साध्या पद्धतीत उभ्या एका मिलिमीटरमध्ये ३.८५ रेघा असतात, बारीक म्हणजे 'फाइन' पद्धतीत ७.७. फाइन केलं की माहिती दुप्पट होते आणि वेळ जवळपास दुप्पट लागतो. यंत्र प्रत्येक ठिपका वेगळा पाठवत नाही. 'इथून इथपर्यंत सगळं पांढरं' असं थोडक्यात सांगतं. म्हणून मोकळं पान झर्रकन जातं. कंपनीचं बोधचिन्ह, काळी पट्टी, राखाडी छटा दिलेले रकाने आले की ते रेंगाळतं. आमच्या दरपत्रकाच्या डोक्यावर ठसठशीत काळी पट्टी होती. ती छान दिसायची आणि दर वेळी चारशे फोनांवर काही सेकंदांचं भाडं घेऊन जायची.

तिसरी गोष्ट म्हणजे लाइन. पुष्कळ यंत्रं सेकंदाला १४,४०० किंवा ९,६०० बिट या वेगाने बोलत. लाइनीत खरखर असेल तर ती आपण होऊन वेग उतरवत, ४,८०० वर किंवा अगदी २,४०० वरही येत. वेग निम्मा झाला की पानाचा वेळ दुप्पट. शहरातल्या विक्रेत्याला एका मिनिटात जाणारं पान तालुक्याच्या गावी दोन मिनिटं घ्यायचं. कागद तोच, शाई तीच.

आता तिन्ही दर मांडू

हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेतो. चारशे क्रमांक आहेत. त्यातले दहा बंद पडलेले, लागतच नाहीत. पन्नास ठिकाणी फोन माणूस उचलतो किंवा मध्येच तुटतो. संगणक तिथे तीनदा प्रयत्न करतो आणि तिन्ही वेळा फसतो. उरलेल्या ३४० ठिकाणी कागद पोचतो. बारीक छपाईचं दरपत्रक म्हणून फाइन पद्धत. पानाला ५५ सेकंद, दोन पानांचे ११० आणि सुरुवातीच्या बोलण्यांचे २०, असे एकूण १३० सेकंद.

पहिली कंपनी मिनिटाला दोन रुपये घेते, पण मिनिट पुरं धरते. १३० सेकंद म्हणजे दोन मिनिटं दहा सेकंद, बिलात मात्र तीन मिनिटं. ३४० ठिकाणी सहा-सहा रुपये, म्हणजे २,०४० रुपये. शिवाय पन्नास ठिकाणचे तीन-तीन फसलेले प्रयत्न, म्हणजे दीडशे फोन. प्रत्येक फोन उचलला गेला म्हणून एकेक मिनिटाचे दोन रुपये, एकूण ३००. सगळे मिळून २,३४० रुपये. पोचलेल्या प्रत्येक फॅक्सला ६ रुपये ८८ पैसे.

दुसरी कंपनी पोचलेल्या पानाचेच साडेतीन रुपये घेते. फसलेल्या प्रयत्नाचे काही नाही. ३४० गुणिले दोन पानं गुणिले साडेतीन, म्हणजे २,३८० रुपये. पोचलेल्या फॅक्सला सात रुपये. वरकरणी पहिली कंपनी बारा पैशांनी स्वस्त.

तिसरी कंपनी मिनिटाला दीड रुपया घेते आणि सहा-सहा सेकंदांनी मोजते. १३० सेकंदांचे १३२ होतात, त्याचे ३ रुपये ३० पैसे. ३४० ठिकाणचे १,१२२ रुपये. दीडशे फसलेले फोन अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे धरले तर ११२ रुपये ५० पैसे. एकूण १,२३४ रुपये ५० पैसे, फॅक्सला ३ रुपये ६३ पैसे. जवळजवळ निम्म्यात काम!

पण करारात खाली बारीक अक्षरात एक ओळ असते. काम करा वा न करा, महिन्याला किमान दोन हजार रुपये. आमच्यासारखा वर्षात चार वेळा पाठवणारा कारखाना वर्षाला चोवीस हजार भरणार आणि त्याचे १,३६० फॅक्स पोचणार. फॅक्सला १७ रुपये ६५ पैसे पडले. सर्वांत स्वस्त दर सर्वांत महाग झाला. दर आठवड्याला बाजारभाव कळवणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हीच कंपनी परवडेल, कारण त्याचं महिन्याचं काम दोन हजारांच्या कितीतरी वर जातं. तेव्हा 'कोणती सेवा स्वस्त?' या प्रश्नाला 'कुणासाठी?' हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

आता पहिल्या दोघींकडे परत या. ३४० पैकी शंभर विक्रेते खराब लाइनीच्या गावांतले आहेत असं समजा. तिथे वेग निम्मा झाला की एका पानाला ११० सेकंद आणि सगळं मिळून बरोबर चार मिनिटं लागतात. पहिल्या कंपनीचं बिल दोनशे रुपयांनी वाढून २,५४० होतं, फॅक्सला ७ रुपये ४७ पैसे. दुसरीचं बिल सातावरच राहतं, कारण ती पानाचे पैसे घेते. लाइन खराब, हा तिचा तोटा. बारा पैशांनी स्वस्त असलेली कंपनी सत्तेचाळीस पैशांनी महाग झाली.

मला या धंद्याचं मर्म इथे कळलं. मिनिटाचा दर असेल तर खराब लाइनीची जोखीम तुमची, पानाचा दर असेल तर कंपनीची. पुरं मिनिट धरणं म्हणजे न वापरलेल्या सेकंदांचा खर्च तुमचा. मासिक किमान रक्कम म्हणजे रिकाम्या महिन्याचा खर्च तुमचा. दोन दर शेजारी ठेवून कोणता लहान हे बघत बसू नये. कोणता खर्च कुणाच्या खात्यात टाकला आहे, ते बघावं. पानाच्या दरातही फट असतेच. कंपनी आपल्या नावाचं एक कव्हर पान पुढे जोडत असेल आणि तेही मोजत असेल, तर दोन पानांची तीन होतात आणि सात रुपयांचे साडेदहा.

'पोचला' म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून अहवाल यायचा. प्रत्येक क्रमांकापुढे 'ओके' किंवा कारण. हा 'ओके' दिसला की आम्ही निश्चिंत. पण त्याचा अर्थ एवढाच की पलीकडच्या यंत्राने पान मिळाल्याची खूण दिली. यंत्रातला कागद संपलेला असेल आणि त्याला स्मरणशक्ती असेल, तर ते पान पोटात ठेवून 'ओके' म्हणतं. कागद निघाला की नाही, वाचता आला की नाही, मालकाच्या हाती पडला की नाही, हे यंत्राला माहीत नसतं.

एका वर्षी वेळ वाचवावा म्हणून आम्ही फाइन सोडून साध्या पद्धतीने पाठवलं. बिल खरंच कमी आलं. पण बारीक अक्षरातला ३८० हा इंग्रजी आकडा काही विक्रेत्यांच्या कागदावर ३३० दिसला. त्यांनी गिऱ्हाइकाला तोच भाव सांगितला. सांगितलेला शब्द पाळायचा म्हणून फरक आम्हीच सोसला आणि तो वाचवलेल्या बिलाच्या कितीतरी पट होता. त्यानंतर आम्ही अक्षर मोठं केलं, रकान्यांतली छटा आणि ती काळी पट्टी काढून टाकली. पान दिसायला साधं झालं, पण स्वच्छ वाचता येऊ लागलं आणि लवकरही जाऊ लागलं. दराची घासाघीस करण्याआधी आपला कागद तपासावा, हा धडा तेव्हा मिळाला.

यादीचंही तसंच. २००२च्या सुमारास मुंबईतल्या टेलिफोन क्रमांकांच्या आधी २ हा आकडा लागून ते आठ आकडी झाले. ज्यांनी याद्या दुरुस्त केल्या नाहीत त्यांचे फॅक्स भलतीकडे धडका देत राहिले. फसलेल्या प्रयत्नाचे पैसे घेणाऱ्या कंपनीला जुनी यादी खुपत नाही. ती दुरुस्त करण्याची घाई आपल्यालाच असायला हवी.

जो खर्च बिलात नव्हता

आता माझ्या चुकीकडे येतो. त्या काळी रात्री उशिरा एसटीडीचा दर दिवसाच्या चौथ्या हिश्शावर यायचा. बूथवर रात्री रांगा लागायच्या, हे पुष्कळांना आठवत असेल. फॅक्सच्या कंपन्याही म्हणायच्या, 'रात्री पाठवू द्या, स्वस्तात करतो.' आमचे भाव तयार व्हायलाच रात्र झाली होती आणि सकाळी दुकान उघडण्याआधी कागद हजर असेल, हेही सोयीचं वाटलं. मी होकार दिला. बचत हजार रुपयांच्या आतली होती, पण साहेबांना दाखवायला बरी होती.

मी एक गोष्ट विसरलो. आमच्या सगळ्या विक्रेत्यांकडे फॅक्सची वेगळी लाइन नव्हती. बऱ्याच जणांचा फोन आणि फॅक्स एकाच क्रमांकावर होता. दिवसा आपण फोन करायचा, "फॅक्स पाठवतोय, टोन द्या," म्हणायचं, मग ते बटण दाबायचे. कितीकांचं दुकान पुढे आणि घर मागे, आणि रात्री तोच फोन माजघरात वाजायचा. काहींकडे यंत्रच नव्हतं. त्यांनी गावातल्या एसटीडी बूथचा क्रमांक दिला होता. तिथे आलेल्या फॅक्सचे पानामागे पैसे मोजून ते आपला कागद सोडवून आणायचे. म्हणजे आमचं दरपत्रक वाचायचे पैसे तेच देत होते आणि आमच्या कोणत्याही हिशेबात ते नव्हते.

दोन आठवड्यांनी जत भागातले आमचे एक विक्रेते कोल्हापूरला आले. बोलायला शांत माणूस. चहा घेतला, हिशेब मिटवला आणि मग म्हणाले, "साहेब, एक सांगू का? त्या रात्री दीड वाजता फोन वाजला. वडील मिरजेला दवाखान्यात होते. रात्रीचा फोन म्हणजे घरात सगळे उठून बसले. उचलला तर पलीकडे कोण बोलत नाही, नुसती शिट्टी. ठेवला. दहा मिनिटांनी परत. मग तिसऱ्यांदा. तोवर आई रडायला लागलेली. मी गाडी काढून मिरजेला गेलो. वडील बरे होते. दुसऱ्या दिवशी दुकानात कोणीतरी म्हणालं, तो फॅक्सचा आवाज असतो."

ती शिट्टी मला चांगली ठाऊक होती. फॅक्स पाठवणारं यंत्र दर तीन-साडेतीन सेकंदांनी अर्धा सेकंद वाजवत असलेला तो सूर. पलीकडे यंत्र आहे का, हे विचारण्याची त्याची रीत. आणि तीनदा प्रयत्न करायचे, दहा-दहा मिनिटांनी, ही अट मीच करारात घालून घेतली होती. जादा पैसे न देता मिळाली म्हणून मला तिचा अभिमानही होता.

मी माफी मागितली. ते "असू द्या" म्हणाले. पण पुढच्या हंगामात त्यांनी दुकानावरची आमची पाटी उतरवली. फॅक्सच्या फाइलीत त्या रात्रीच्या प्रयत्नांपुढे शेरा होता, 'आवाज आला, यंत्र नाही.' आणि पुढे तीन मिनिटांचं बिल.

कायद्याने मोजलेला खर्च

घेणाऱ्याच्या डोक्यावर पडणारा हा खर्च अमेरिकेने फार आधी मोजला. तिथे फॅक्स ब्रॉडकास्टचा धंदा मोठा आणि जाहिरातींचे न मागवलेले फॅक्स तर रतीब घातल्यासारखे यायचे. जाहिरात दुसऱ्याची, कागद आणि शाई आपली, आणि ती छापून होईपर्यंत आपलं यंत्र अडकलेलं. १९९१ साली तिथे ग्राहकांच्या टेलिफोन संरक्षणाचा कायदा झाला. न मागवलेल्या जाहिरातीच्या प्रत्येक फॅक्सला पाचशे डॉलरची भरपाई मागता येऊ लागली आणि जाणूनबुजून केलं असेल तर न्यायालय ती तिप्पट करू शकतं. २००५ साली त्यात दुरुस्ती झाली. ज्यांच्याशी आधीपासून व्यवहार आहे त्यांना पाठवायला काही अटींवर मुभा मिळाली, पण 'मला पुन्हा पाठवू नका' असं कळवण्याची सोय त्या कागदावर द्यावी लागते.

जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरातल्या एका रेस्टॉरंटचं प्रकरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्यांनी एका स्थानिक फॅक्स सेवेमार्फत जाहिराती पाठवल्या होत्या. १,३२१ जणांना सहा-सहा फॅक्स गेल्याचं धरलं गेलं आणि २००१ साली दर फॅक्सला दीड हजार डॉलरप्रमाणे सुमारे १ कोटी १९ लाख डॉलरचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. काम कंत्राटाने दिलं म्हणून जबाबदारी गेली नाही. सेवा देणारेही सुटले नाहीत. तिथल्या दूरसंचार आयोगाने २००२ साली फॅक्स डॉट कॉम या कंपनीला ४८९ फॅक्सबद्दल ५३ लाख ७९ हजार डॉलर दंडाची नोटीस काढली.

आमचे विक्रेते आमचेच होते, दरपत्रक त्यांना हवंच होतं. आमच्यावर असा खटला कुणी भरला नसता. पण अमेरिकी कायद्याच्या मुळाशी असलेला विचार मला त्या चहाच्या टेबलावर समजला होता. पाठवणाऱ्याला स्वस्त पडतं तेव्हा बऱ्याचदा बाकीचा खर्च घेणाऱ्याच्या माथी गेलेला असतो.

मग आम्ही काय केलं?

पुढच्या वेळी मी पानाचा दर घेणारी कंपनी निवडली. दर वरकरणी जास्त होता. पाठवायची वेळ सकाळी आठनंतरची ठेवली. चाळीस लाइनींवर काम अर्ध्या तासाचं, दुकानं उघडतात नऊला. रात्रीची गरज मुळात नव्हतीच. यादीचे तीन भाग केले. वेगळी फॅक्स लाइन असलेले, फोन-फॅक्स एकत्र असलेले आणि बूथवाले. पहिल्यांना संगणकाने पाठवायचं. दुसऱ्यांना आमचा माणूस फोन करून, टोन मागून पाठवणार. तिसऱ्यांना फोनवर मुख्य भाव सांगायचे आणि छापील दरपत्रक टपालाने. आमच्या माणसाचा दिवसभराचा पगारही मी फॅक्सच्या खर्चात धरला. एकूण आकडा आधीपेक्षा मोठा दिसला. साहेबांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि सही केली.

पुढे १ मार्च २००६ पासून भारत संचार निगमच्या 'वन इंडिया' योजनेत देशभर एक रुपया मिनिटाने बोलता येऊ लागलं आणि रात्रीच्या स्वस्ताईची गरज संपली. नंतर ई-मेल आला, फॅक्स मागे पडला. अमेरिकेतल्या दवाखान्यांत तो अजून वापरात आहे आणि इंटरनेटवरून फॅक्स पाठवून देणाऱ्या कंपन्या तिथे आजही पानांच्या हिशेबानेच दर सांगतात.

आपल्याकडे आता गठ्ठ्याने जातात ते एसएमएस. दर पैशांत सांगतात, म्हणून हिशेब कुणी करत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७० च. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजतात. 'श्री' लिहिलं की चार जागा गेल्या. मजकूर लांबला तर जोडणीसाठी जागा सोडून प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. दीडशे जागांचा मजकूर इंग्रजीत एका संदेशात जातो, मराठीत तीन संदेशांचं बिल येतं. म्हणून मराठी सोडू नका. मजकूर आटोपशीर करा आणि दर विचारताना 'मराठी मजकुराचे किती?' असं विचारा. संमतीची बाबही आता आपल्याकडे नियमात आली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी संदेश पाठवणाऱ्याला आधी नोंदणी करावी लागते.

श्रोतेहो, तुमचं दुकान असो, पतपेढी असो, शाळा असो. गठ्ठ्याने निरोप पाठवायची सेवा घेताना चार गोष्टी विचारून घ्या. मोजणी कशाची आणि पुढे किती धरतात? फसलेल्या प्रयत्नाचे पैसे कुणाचे? काम नसलेल्या महिन्याचं काय? आणि 'पोचला' असं तुम्ही कशाला म्हणता? मग एकूण बिलाला खरोखर पोचलेल्या निरोपांनी भागा. जो आकडा येईल तो तुमचा दर.

पाचवी गोष्ट कंपनीला विचारायची नाही, स्वतः करायची. मी शेवटपर्यंत तशी करत आलो. यादीतला पहिला क्रमांक आपल्या घरचा घालायचा. निरोप किती वाजता येतो, किती वेळा येतो, वाचता येतो का आणि तो आल्यावर घरातली माणसं काय म्हणतात, हे कोणत्याही अहवालाआधी कळतं.